बटन सेल काढूनही न विसरणारा लॅपटॉप

काही महिन्यांपूर्वी मी एका परिचित गृहस्थांकडून त्यांचा जुना लॅपटॉप विकत घेतला. तो देताना त्यांनी बरीच काळजी घेतली होती. डिस्कवरची स्वतःची माहिती पूर्ण पुसली होती, कळफलकाच्या फटींतली धूळ काढली होती आणि चार्जरची वायर गुंडाळून तिला रबर लावून दिले होते. घरी आणून मी तो सुरू केला तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नसल्याचा संदेश आला, जो कोऱ्या डिस्कमुळे अपेक्षितच होता. पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवावे म्हणून मी सेटअपची, म्हणजे यंत्राच्या मूलभूत निवडींच्या यादीची, कळ दाबली आणि पडद्याच्या मधोमध पासवर्ड मागणारी एक लहानशी चौकट उभी राहिली. कोठून सुरू व्हायचे याची यादी दाखवणारी दुसरी कळ दाबून पाहिली, तर तीही त्याच चौकटीपाशी येऊन थांबली.

मी त्यांना फोन केला. "अहो, असा पासवर्ड मी घातला होता खरा," ते म्हणाले, "पण त्याला पाच-सहा वर्षे झाली. एकदाच घातला आणि त्यानंतर त्या सेटअपमध्ये मी कधी गेलोच नाही." त्यांनी आठवतील तसे सात-आठ शब्द सांगितले. मी ते कागदावर लिहून घेतले आणि एकेक करून टाकले. तीन चुकांनंतर यंत्र ठप्प व्हायचे, मग पॉवरचे बटण दाबून धरून ते बंद करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. कॅपिटल अक्षरे, शेवटी जोडलेले साल, मधे घातलेले टिंब असे सगळे प्रकार करून कागद संपला आणि चौकट तशीच राहिली.

हा पासवर्ड तोडायचा कसा, याची उत्तरे शोधण्यात माझे पुढचे दोन आठवडे गेले. तो मुळात राहतो कुठे, हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. आधी सुचला असता तर त्या दोन आठवड्यांतले बहुतेक खटाटोप मी केलेच नसते.

पहिला खटाटोप म्हणजे मागचे झाकण उघडून मदरबोर्डावरचा बटन सेल काढणे. हा उपाय ऐकीव असला तरी निराधार नाही. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या पीसी/एटी या संगणकात मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप होती. तिच्यात एकूण ६४ बाइट जागा असे. त्यातले १४ बाइट घड्याळाला आणि त्याच्या नियंत्रणाला लागत आणि उरलेल्या ५० बाइटमध्ये संगणकाच्या जुळणीची माहिती ठेवली जाई. वीज गेली की ही स्मृती पुसली जात असल्यामुळे तिला बॅटरीचा आधार दिलेला असे. पुढे डेस्कटॉप संगणकांचा पासवर्डही याच सीएमओएस स्मृतीत राहू लागला, त्यामुळे सेल काढला किंवा बोर्डावरचा जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) हलवला की तो खरोखरच नाहीसा होई. लोकांच्या बोलण्यात तो उपाय टिकून राहिला, पण लॅपटॉपमधल्या पासवर्डाने दरम्यान बिऱ्हाड हलवले होते. मी मुख्य बॅटरी सोडवली, सेल रात्रभर बाहेर ठेवला आणि सकाळी सगळे जोडून यंत्र सुरू केले. तारीख आणि वेळ हरवल्याची सूचना पडद्यावर आली आणि तिच्या पाठोपाठ तीच चौकट आली. त्या सेलवर फक्त घड्याळ जगत होते.

दुसरा उपाय अधिक मोहात पाडणारा होता. काही लॅपटॉप तीन चुकांनंतर पडद्यावर एक आकडा दाखवतात आणि त्या आकड्यावरून चालणारा पासवर्ड काढून देणारे लहान प्रोग्रॅम मिळतात. हे जादूसारखे वाटते, पण त्यामागचे गणित साधे आहे. फिनिक्स कंपनीच्या काही जुन्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, पासवर्ड जसाच्या तसा साठवलेला नसे. त्याचा १६ बिटांचा चेकसम, म्हणजे त्याच्या अक्षरांवरून काढलेली एक संख्या, साठवलेला असे आणि पडद्यावर दिसणारा पाच अंकी आकडा म्हणजे तोच चेकसम असे. १६ बिटांत फक्त ६५,५३६ वेगवेगळ्या किमती मावतात, पासवर्ड मात्र त्याच्या कितीतरी पट होऊ शकतात. साहजिकच एकाच किमतीचे असंख्य शब्द निघतात आणि मूळ शब्द कळला नाही तरी त्याच किमतीचा कोणताही दुसरा शब्द कुलूप उघडतो. काही कंपन्यांच्या यंत्रांत हाच आकडा अनुक्रमांकावरून ठरतो आणि त्याचे सूत्र जाणकारांनी फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच भरलेला तो मूळ प्रोग्रॅम, उलगडून बाहेर काढलेले आहे. माझ्या यंत्राने मात्र असा कोणताही आकडा दाखवला नाही. ते नुसते गप्प बसत असे.

मग सरळ मार्गाने कंपनीच्या साहाय्य केंद्राला विचारले. त्यांनी मूळ खरेदीचे बिल मागितले, आणि ते काही त्या गृहस्थांना सापडेना. याबद्दल मला कंपनीचा राग आला नाही. ॲपलसुद्धा आपल्या इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकचा फर्मवेअर पासवर्ड काढून देण्यापूर्वी मूळ खरेदीचा पुरावा पाहते, आणि ते योग्यच आहे. माझा लॅपटॉप उद्या कोणी उचलून नेला, तर नुसत्या गोड बोलण्यावर त्याला तो उघडून मिळू नये अशीच माझी इच्छा असेल. त्या नकारानंतर मी गृहस्थांकडून यंत्राचा अनुक्रमांक घातलेले विक्रीपत्र सहीनिशी लिहून घेतले. कंपनीसाठी त्याचा उपयोग नव्हता, पण पुढे जे करायचे मनात येत होते ते करण्यापूर्वी तो कागद माझ्याकडे असणे मला आवश्यक वाटले.

फर्मवेअरचा पासवर्ड असे आपण सरसकट म्हणत असलो तरी त्याचे किमान तीन प्रकार असतात, आणि त्यांतला कोणता आपल्या वाट्याला आला आहे यावर बरेच काही ठरते. यंत्र सुरू होतानाच अडवणारा एक, फक्त सेटअप आणि सुरू होण्याचा क्रम यांना कुलूप लावणारा दुसरा, ज्याला बहुधा सुपरवायझर पासवर्ड म्हणतात, आणि डिस्कचा तिसरा. हा तिसरा फर्मवेअरच्या पडद्यावरून घातला जात असला तरी राहतो डिस्कच्या स्वतःच्या नियंत्रकात. अशी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तरी ती बंदच राहते, आणि एटीए या डिस्कजोडणीच्या प्रमाणकानुसार पाच चुकांनंतर वीज तोडून पुन्हा दिल्याखेरीज किंवा हार्डवेअर रीसेटखेरीज पुढचा प्रयत्नही स्वीकारत नाही. माझ्याकडे आलेला पासवर्ड दुसऱ्या प्रकारचा होता, म्हणजे तिघांतला सर्वांत सौम्य.

सौम्य असल्यामुळेच त्याला वळसा घालता आला. सेटअप बंद असला तरी आतल्या डिस्कवरून सुरू व्हायला यंत्राची हरकत नव्हती, फक्त त्या डिस्कवर काहीतरी असायला हवे होते. मी एसएसडी काढून दुसऱ्या लॅपटॉपमध्ये बसवली, तिच्यावर लिनक्स बसवले आणि ती परत आणून लावली. यूईएफआय या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरला सुरू होण्यासाठी नोंदवलेली जागा सापडली नाही, तर ते डिस्कच्या ईएफआय विभागातील 'बूट' फोल्डरमध्ये बूटएक्स६४.ईएफआय या ठरलेल्या नावाची फाइल शोधते. ती फाइल तिथे आहे आणि सिक्युअर बूटला, म्हणजे सुरू होतानाच्या स्वाक्षरी-तपासणीला, मान्य असलेली स्वाक्षरी तिच्यावर आहे, एवढी खात्री केली की काम होते. लॅपटॉप पहिल्याच फटक्यात सुरू झाला. ज्यांना फक्त यंत्र वापरायचे आहे त्यांनी येथेच थांबावे असे मी मनापासून सांगेन, कारण यात एका स्क्रूड्रायव्हरपलीकडे काही लागत नाही आणि बिघडण्यासारखेही फारसे काही नाही.

मीही महिनाभर थांबले होते. मग एका कामासाठी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, चालवायची वेळ आली आणि त्यासाठी लागणारी प्रोसेसरची सुविधा सेटअपमध्ये बंद ठेवलेली असल्याचे कळले. ही सुविधा लिनक्समधून सुरू करता येईल अशी माझी समजूत होती, ती खोटी ठरली. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ती एका नियंत्रण-रजिस्टरातल्या बिटवर अवलंबून असते. यंत्र सुरू होताना फर्मवेअर तो बिट ठरवते आणि त्याच रजिस्टरातला कुलूप-बिट लावून टाकते. त्यानंतर पुढच्या रीसेटपर्यंत कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम ते रजिस्टर बदलू शकत नाही. ज्या दारावरून महिनाभर मी सुखाने येजा करत होते त्याच्या आतल्या खोलीला अजून कुलूपच होते.

त्या दिवशी मी पासवर्ड राहतो कुठे याचा नीट शोध घेतला. आजच्या लॅपटॉपमध्ये फर्मवेअर एका फ्लॅश चिपमध्ये असते. करंगळीच्या नखाहून लहान, आठ पायांची ही चिप एसपीआय या सोप्या पद्धतीने चार-पाच तारांवर बोलते. तिच्यात फर्मवेअरच्या संहितेशेजारीच एक भाग चल नोंदींसाठी राखलेला असतो. सुरू होण्याचा क्रम, सेटअपमधल्या निवडी, सिक्युअर बूटच्या किल्ल्या आणि पुष्कळ यंत्रांत पासवर्डही तिथेच राहतो. फ्लॅश स्मृतीला टिकून राहण्यासाठी वीज लागत नाही, म्हणून सेल काढल्याचे तिला कळतसुद्धा नाही. सगळ्याच यंत्रांची रचना अशी नसते. अनेक जुन्या थिंकपॅडमध्ये पासवर्ड २४आरएफ०८ या वेगळ्या लहानशा ईईप्रॉम चिपमध्ये असे, आणि यंत्र सुरू होत असताना नेमक्या क्षणी तिच्या दोन तारा एकमेकींना टेकवून तिचे वाचन बिघडवण्याची युक्ती अनेकांनी यशस्वीपणे वापरली आहे. चालू बोर्डावर चिमटा टेकवण्याचे धैर्य माझ्यात नाही आणि ते नसल्याचे मला दुःखही नाही.

माझ्या बोर्डावरच्या चिपवर भिंगातून २५क्यू१२८ असे वाचता आले. हा आकडा मेगाबिटांचा असतो, त्यामुळे तिची क्षमता १२८ नव्हे तर १६ मेगाबाइट. त्याहून महत्त्वाची होती पुढची अक्षरे. विनबॉन्डच्या या मालिकेत जेव्ही असेल तर चिप ३.३ व्होल्टची आणि जेडब्ल्यू असेल तर १.८ व्होल्टची; दुसरीला पहिलीचा दाब दिला तर ती जळू शकते. माझी जेव्ही निघाली. अशा चिप वाचण्यासाठी सीएच३४१ए चिपवर आधारलेला काळा प्रोग्रॅमर सर्रास वापरला जातो, पण त्याच्या प्रचलित रचनेत चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळत असली तरी माहितीच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. पुष्कळ चिप हे सोसतात, म्हणून तो खपतो. मी त्याऐवजी घरातला रास्पबेरी पाय वापरला, कारण त्याच्या पिनांवरचा दाब मुळातच ३.३ व्होल्ट असतो आणि फ्लॅशरॉम हा मुक्त प्रोग्रॅम त्याच्यावर उत्तम चालतो.

मुख्य बॅटरी, बटन सेल आणि चार्जर हे तिन्ही काढून झाल्यावर चिपच्या आठही पायांना पकडणारी क्लिप वरून बसवायची असते. चिपच्या कोपऱ्यातला ठिपका म्हणजे पाय क्रमांक एक, आणि क्लिपची लाल तार त्याच बाजूला यायला हवी. हे एका ओळीत सांगता येते, करायला मला अख्खी दुपार लागली. क्लिप बसल्यासारखी वाटायची आणि बसलेली नसायची. कधी फ्लॅशरॉमला चिपच ओळखता येत नसे, कधी सगळी फाइल एफएफ या एकाच बाइटने भरलेली येई, म्हणजे कोऱ्या फ्लॅशसारखी. बोर्डावर बसलेली चिप वाचताना तिला दिलेली वीज आजूबाजूचे इतर भागही ओढून घेतात, तारा लांब असतील तर संकेत बिघडतात. मी तारा वीतभराहूनही आखूड केल्या, वेग ५१२ किलोहर्ट्झवर आणला आणि इरेझरने चिपचे पाय हलकेच पुसले. या वेगाला १६ मेगाबाइट वाचायला जवळजवळ साडेचार मिनिटे लागतात आणि त्या साडेचार मिनिटांत टेबलाला हात लावायचा नाही असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

पहिली दोन वाचने एकमेकांशी जुळली नाहीत. क्लिप काढून पुन्हा लावली, आणखी तीनदा वाचले आणि तिन्ही फाइलींचे एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेले ठसे, सारखे आल्यावरच पुढे गेले. पहिलाच डंप, म्हणजे चिपमधून वाचलेली फाइल, खरा मानून त्यात बदल करणारे आणि मग यंत्र मेले म्हणून हळहळणारे पुष्कळ असतात. चुकीच्या वाचनावर केलेला अचूक बदल शेवटी चिपमध्ये चुकीचा मजकूरच नेऊन ठेवतो. याच कारणाने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या लॅपटॉपचा डंप मिळवून तो जसाच्या तसा भरणे मला पटत नाही. त्याने पासवर्ड जातो हे खरे, पण त्याबरोबर दुसऱ्याच यंत्राचा अनुक्रमांक येऊन बसतो, काही बोर्डांवर नेटवर्क कार्डाचा पत्ताही बदलतो, आणि आपल्या यंत्राची ओळख होती ती पुसली जाते.

आता पासवर्डाची नोंद शोधायची होती. डंपच्या फाइलीत मी 'सुपरवायझर' हा शब्द इंग्रजी अक्षरांत शोधला, काहीच सापडले नाही. बराच वेळ डोके खाजवल्यावर आठवले की यूईएफआयमध्ये नोंदींची नावे दोन-दोन बाइटांच्या अक्षरांत लिहितात, म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षरानंतर एक शून्य बाइट असतो. तसा शोध घेताच ते नाव दोन ठिकाणी सापडले.

दोन ठिकाणी का, याचे उत्तर मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत सुंदर वाटले. फ्लॅश स्मृतीत लिहिणे म्हणजे १ असलेला बिट ० करणे. ० चा पुन्हा १ करायचा असेल तर ४ किलोबाइटचा अख्खा तुकडा पुसावा लागतो, आणि पुसण्यांची संख्या मर्यादित असते. म्हणून ईडीके२ या मुक्त संहितेच्या पद्धतीने चालणारे फर्मवेअर जुन्या नोंदीवर नवी लिहीत नाही. प्रत्येक नोंदीची सुरुवात एए ५५ (हे आकडे षोडशमान पद्धतीचे) या खुणेने होते आणि तिच्या लगेच पुढचा बाइट नोंदीची स्थिती सांगतो. जिवंत नोंदीत तो ३एफ असतो. मजकूर बदलायचा झाला की नवी नोंद शेवटी जोडली जाते आणि जुनीच्या स्थितीतले दोन बिट शून्य होऊन ती ३सी होते. नुसतीच काढून टाकली तर एक बिट शून्य होऊन ३डी होते. जुना मजकूर, पुढे कधीतरी जागा संपून साफसफाई होईपर्यंत, तिथेच पडून असतो. माझ्या डंपमधली एक नोंद ३सी होती आणि दुसरी ३एफ. गृहस्थ एकदाच म्हणत होते तो पासवर्ड निदान एकदा तरी बदललेला होता, आणि जे मालकाला आठवत नव्हते ते चिपने जपून ठेवले होते.

म्हणजे माझे काम १६ मेगाबाइटमधला एकच बाइट बदलण्याचे होते. फर्मवेअर स्वतः नोंद काढून टाकताना जे करते तेच मी केले आणि ३एफ च्या जागी ३डी लिहिले. संहितेत बदल केला असता तर बूट गार्ड या इंटेलच्या तपासणीने, ती लागू असलेल्या यंत्रात, कदाचित अडवले असते. नोंदींचा भाग मात्र रोजच बदलत असल्यामुळे अशा तपासणीत सहसा धरला जात नाही. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचे कूटबंधन असते तर तिची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी लागली असती, कारण फर्मवेअरच्या बाजूने काही बदलले की ती मागितली जाऊ शकते. माझ्याकडे तो प्रश्न नव्हता. फ्लॅशरॉमने फाइल आणि चिप यांत फरक असलेला तुकडा तेवढा लिहिला, पुन्हा वाचून पडताळला आणि काम झाल्याचे सांगितले.

सगळे जोडून बटण दाबले, तर पडदा काळाच. पंख्याचा आवाज येत होता, दिवा लागला होता, पण पडद्यावर काही नाही. सेल काढल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना फर्मवेअर रॅमची जुळवणी नव्याने करते आणि त्याला वेळ लागतो हे मला माहीत होते, तरी हात बंद करण्याच्या बटणाकडे दोनदा गेला. मिनिटभराने तारीख हरवल्याची तीच ओळखीची सूचना आली. मी सेटअपची कळ दाबली आणि चौकट न येता थेट निळी यादी उघडली. तारीख दुरुस्त केली, व्हर्च्युअलायझेशन सुरू केले, नवा सुपरवायझर पासवर्ड घातला आणि तो कागदावर लिहून विक्रीपत्रासोबत ठेवला. मूळ डंपच्या प्रतीही मी दोन ठिकाणी जपल्या आहेत.

त्या गृहस्थांना कळवले तेव्हा ते फार खूश झाले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मग माझा पासवर्ड होता तरी काय?" ते मला सांगता येईना. चिपमध्ये पासवर्ड नव्हताच, त्याच्यापासून काढलेला हॅश तेवढा होता, आणि त्यावरून मागे जाऊन शब्द काढता येत नाही. तो शब्द फक्त त्यांच्या डोक्यात होता. रात्री त्यांचा निरोप आला, त्यात आणखी तीन शब्द होते आणि खाली लिहिले होते, "यांतला एखादा असेल का, बघा."